क्षेत्रीय अभियंत्यांचे वेतन आणि प्रादेशिक तफावत : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र राज्य, एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पाटबंधारे, रस्ते व सार्वजनिक इमारती यांचा इतिहास लिहिताना धरणाची उंची, कालव्याची लांबी आणि खर्चाचे आकडे यांना मोठे स्थान मिळते. ज्यांनी ही कामे प्रत्यक्ष उभी केली, साखळी व लेव्हल घेऊन रानोमाळ हिंडून मोजमापे नोंदवली, त्या क्षेत्रीय अभियंत्यांच्या पगाराचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. हा विषय वरकरणी रुक्ष वाटतो. परंतु एकच काम करणाऱ्या दोन अभियंत्यांना निरनिराळा पगार का मिळत होता, हा प्रश्न विचारताच वसाहतवादी प्रशासन, संस्थानी राजवट, भाषावार प्रांतरचना आणि विकासाचा प्रादेशिक अनुशेष असे अनेक प्रश्न त्यातून उलगडत जातात.

प्रस्तुत लेखात ‘क्षेत्रीय अभियंता’ ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. कचेरीत आराखडे करणाऱ्यापेक्षा कामाच्या जागी राहून काम करून घेणारा ओव्हरसियर, शाखा अभियंता, उपअभियंता आणि काही प्रमाणात कार्यकारी अभियंता हे सर्व तीत येतात. विवेचन प्रामुख्याने सरकारी बांधकाम व पाटबंधारे खात्यांपुरते मर्यादित आहे. नियमपुस्तिका, वेतन आयोगांच्या श्रेणी आणि न्यायनिवाडे यांमुळे याच क्षेत्रातील वेतनाविषयी खात्रीने बोलता येते.

खात्याची उतरंड आणि भरतीचे ठिकाण

लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्रपणे अस्तित्वात आले. त्यापूर्वी ही कामे लष्करी मंडळांकडे होती. नव्या खात्याला मनुष्यबळ हवे होते. रुडकी येथे १८४७ मध्येच अभियांत्रिकी शिक्षण सुरू झाले होते. पुण्यात १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. या वर्गाचा मूळ हेतू मुख्य अभियंते घडवण्याचा नव्हता. खात्याला दुय्यम दर्जाची माणसे पुरवणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. कारण वेतनातील पुढच्या तफावतीचे मूळ या अपेक्षेतच आहे.

खात्याची रचना दोन मजली होती. वरच्या मजल्यावर असिस्टंट, एक्झिक्युटिव्ह, सुपरिंटेंडिंग व चीफ इंजिनिअर होते. खालच्या मजल्यावर सबइंजिनिअर, सुपरवायझर, ओव्हरसियर आणि सबओव्हरसियर. त्यांच्याही खाली मुकादम, मेस्त्री आणि मैलकुली असत, पण त्यांची गणना आस्थापनेत क्वचितच होई. दोन मजल्यांना जोडणारा जिना अरुंद होता. वरच्या मजल्यासाठी विलायतेतून माणसे आणण्याकरिता १८७१ मध्ये कूपर्स हिल येथे ‘रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज’ स्थापन झाले. विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड शुल्क भरावे लागे. त्याच्या बदल्यात उत्तीर्ण झाल्यावर हिंदुस्थानात नोकरीची हमी असे. सुरुवातीचा पगार वर्षाला ४,२०० रुपये, म्हणजे दरमहा ३५० रुपये होता. मुख्य अभियंत्याचा पगार अडीच हजारांच्या घरात जाई. याउलट ओव्हरसियरचा पगार शंभराच्या आत सुरू होई आणि अनेकांची उभी हयात त्याच पायरीच्या आसपास सरे.

पगार ठरवणारा पहिला घटक असा कामाच्या जागेचा नसून भरतीच्या जागेचा होता. मुठा कालव्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन अभियंत्यांपैकी एक थेम्सकाठी शिकला आणि दुसरा मुळा-मुठेच्या काठी, एवढ्यावरून त्यांच्या पगारात अंतर पडत असे. एचिसन आयोगाच्या (१८८६-८७) शिफारशींनंतर १८९२ मध्ये या भेदाला नियमांचे रूप मिळाले. विलायतेत भरती झालेल्यांची ‘इम्पीरियल’ आणि येथील महाविद्यालयांतून आलेल्यांची ‘प्रोव्हिन्शियल’ अशा दोन सेवा झाल्या. दोन्ही सेवांतील अधिकाऱ्यांची पदनामे आणि कामे सारखीच होती, पगार मात्र साधारण दोन-तृतीयांश. कूपर्स हिल १९०६ मध्ये बंद पडले, तरी हे प्रमाण त्याच्याबरोबर संपले नाही.

यात १८९३ मध्ये आणखी एका तफावतीची भर पडली. चांदीचे भाव कोसळल्याने रुपयाचा विनिमयदर घसरत होता. घरी पैसे पाठवणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांचे त्यामुळे नुकसान होई. त्यावर उपाय म्हणून ‘विनिमय नुकसानभरपाई भत्ता’ देण्यात आला. अधिकाऱ्याच्या निम्म्या पगारावर, ठरावीक कमाल मर्यादेत, रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स धरून फरक दिला जाई. बाजारभाव एक शिलिंग तीन पेन्स असताना हा फरक एकूण पगाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा भरतो. म्हणजे ३५० रुपयांच्या अभियंत्याला जवळजवळ ३५ रुपये अधिक मिळत. हिंदी अभियंत्याला यातले काहीच मिळत नसे. येथे ‘प्रदेश’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वेतनात शिरतो. अभियंता कोठे राबतो याऐवजी त्याचे घर कोठे आहे, यावर भत्ता ठरू लागला. नामदार गोखल्यांसारख्या नेत्यांनी वेल्बी आयोगापुढे आणि नंतर कायदेमंडळात वरिष्ठ सेवांच्या खर्चावर जी टीका केली, तिच्यामागे अशा प्रकारच्या सवलतींची पार्श्वभूमी होती.

विश्वेश्वरय्या यांचे उदाहरण

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. परीक्षेत पहिल्या आलेल्यास हमखास नेमणूक देण्याची पद्धत होती. पुण्यातून वरच्या मजल्यावर जाण्याचा तोच मुख्य मार्ग होता. नाशिक, धुळे, सक्कर, पुणे, एडन असा त्यांचा प्रवास पाहिला, तर तत्कालीन मुंबई इलाखा केवढा विस्तीर्ण व विषम होता याची कल्पना येते. सक्करचा पाणीपुरवठा, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, नीरा खोऱ्यातील ब्लॉक पद्धत ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. तरीही १९०८ च्या सुमारास त्यांनी इलाख्याची सेवा सोडली. ज्येष्ठताक्रमात त्यांच्यापुढे अनेक अधिकारी होते आणि मुख्य अभियंतापद मिळण्याची शक्यता दिसत नव्हती. १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना तेच पद दिले.

या घटनेकडे बहुधा चरित्रनायकाच्या स्वाभिमानाची कथा म्हणून पाहिले जाते. वेतनाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. मुंबई इलाखा आपल्या सर्वांत कुशल हिंदी अभियंत्याला टिकवून धरू शकला नाही, आणि एका संस्थानाने त्याला नेले. पगाराच्या तफावतीत केवळ रुपये नसतात. वरच्या जागेची वाट खुली आहे की बंद, हाही त्यातलाच भाग असतो.

रोगट हवा, घोडा आणि तंबू

आता कामाच्या जागेकडे वळू. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे दख्खनच्या कोरड्या हवेत रुळलेला ओव्हरसियर एखाद्या हुकुमासरशी सक्कर किंवा जेकबाबादच्या उन्हाळ्यात जाऊन पडे. इकडे भाटघर, भंडारदरा यांसारख्या घाटमाथ्याजवळच्या कामांवर पावसाळा आणि हिवताप पाठ सोडत नसे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० ते १९२६ आणि भाटघरचे लॉइड धरण १९१२ ते १९२७ अशी दीर्घकाळ चाललेली कामे होती. एका अभियंत्याच्या उमेदीची सगळी वर्षे अशा एखाद्या छावणीत जाऊ शकत होती.

१ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत ‘विशेष वेतना’ची जी व्याख्या होती, ती या संदर्भात फार बोलकी आहे. कामाचे विशेष कष्टप्रद स्वरूप आणि जबाबदारीतील ठोस वाढ या दोन कारणांबरोबर तिसरे कारण स्पष्टपणे नमूद होते : जेथे काम करावयाचे त्या स्थळाचे अनारोग्य. रोगट हवेला पगारात किंमत होती, आणि ती ‘भत्ता’ म्हणून नव्हे तर ‘वेतना’च्या स्वरूपाची होती. ‘भरपाई भत्ता’ ही संकल्पना वेगळी ठेवली होती. कामाच्या विशिष्ट परिस्थितीमुळे जो वैयक्तिक खर्च येतो, त्याची ती भरपाई होती. प्रवासभत्ता तीत येई. ओव्हरसियरला घोडा बाळगावा लागे आणि त्याचा भत्ता मिळे. मैलामैलावर खडी व मुरमाचे ढीग मोजायचे, हजेरीपट तपासायचा, संध्याकाळी मोजमाप पुस्तकात नोंदी करायच्या, तर दुसरे साधन नव्हते. घोड्याचा चारा महाग झाला की भत्ता अपुरा पडे आणि तूट पगारातून भरून निघे. पुढे घोड्याच्या जागी सायकल आणि मोटारसायकल आली, तरी कायम प्रवासभत्ता आणि प्रत्यक्ष खर्च यांची ही ओढाताण आजच्या शाखा अभियंत्यालाही अपरिचित नाही.

याच कामांवर दुष्काळात कोणत्या दराने मजुरी दिली जाई, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराच्या धान्याचे प्रमाण दिवसाला एका पौंडावर आणले. त्या वेळी मुंबई दख्खनमधील हजारो लोकांनी दूरच्या कामांवर जाण्याचे नाकारून कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. दरमहा ३५० रुपयांचा अभियंता आणि एक पौंड धान्याचा मजूर हे एकाच हजेरीपटाची दोन टोके होते. मधला ओव्हरसियर त्या दोघांच्या मध्ये उभा राहून मजुराचे काम मोजत असे.

हाली आणि कलदार

मराठी प्रदेशाचा विचार केवळ मुंबई इलाख्यापुरता करून चालत नाही. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात. निजामाच्या राज्याचे स्वतःचे चलन होते. सात हाली शिक्के म्हणजे सहा कलदार रुपये, हा त्यांचा परिचित दर. त्यामुळे तत्कालीन औरंगाबाद किंवा नांदेड जिल्ह्यातील ओव्हरसियरचा शंभर हाली पगार कलदारात सुमारे ८५ रुपये ११ आणे भरत असे. अहमदनगरच्या हद्दीत काम करणाऱ्या त्याच्या समव्यवसायी मित्राचा आणि त्याचा पगार कागदावर सारखा दिसला, तरी सीमा ओलांडताच सातवा हिस्सा गळून पडे. राज्यातच खर्च करणाऱ्यास ही तूट रोज जाणवली नसेल. पण मुलाला पुण्यात शिकायला ठेवले किंवा विलायती उपकरण मागवले, की तिचा अर्थ कळत असे.

यासंबंधी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हैदराबाद संस्थानात वरची वाट हिंदी अभियंत्यास अधिक खुली होती. कूपर्स हिल येथे शिकलेले नवाब अली नवाज जंग तेथे मुख्य अभियंता झाले आणि मांजरा नदीवरील निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला. ही मांजरा बीड, लातूर, नांदेड या भागांतून वाहत जाते. तिच्यावरचे मोठे काम मराठवाड्याच्या पलीकडे उभे राहिले, हा विषय वेतनाचा नसला तरी अनुशेषाच्या इतिहासाचा निश्चितच आहे.

दोन महायुद्धांमधील काळ

इस्लिंग्टन आयोगाने (१९१२-१५) सेवांच्या रचनेचा पुन्हा विचार केला. गोखले या आयोगाचे सदस्य होते, परंतु अहवाल पूर्ण होण्यापूर्वीच १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९२४ च्या ली आयोगानंतर रस्ते व इमारती या हस्तांतरित शाखेतील अखिल भारतीय भरती थांबली आणि प्रांतांना आपापल्या सेवा व श्रेणी ठरवण्याचा अधिकार मिळाला. युरोपीय अधिकाऱ्यांचा ‘ओव्हरसीज पे’ आणि कुटुंबासह मायदेशी जाण्यायेण्याच्या चार फेऱ्यांचे भाडे मात्र पदरात राहिले. १९३१ च्या मंदीत सरसकट दहा टक्के तात्पुरती कपात झाली. काँग्रेसच्या कराची ठरावाने सरकारी पगारास दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा सुचवली आणि १९३७ मध्ये मंत्र्यांनी तेवढेच वेतन घेतले. अभियंत्यांच्या दृष्टीने या काळाचा ठोस परिणाम असा की प्रांताप्रांतांच्या वेतनश्रेणी एकमेकींपासून दुरावत गेल्या.

मे १९४७ मधील पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने प्रथम वर्गासाठी ३५० ते ८५० रुपयांची श्रेणी दिली. पंचाहत्तर वर्षांपूर्वी कूपर्स हिलच्या तरुणाला मिळणारा आकडा आता हिंदी अभियंत्याला मिळाला, पण तोवर युद्धकालीन महागाईने त्या रुपयाची खरेदीशक्ती पार उतरली होती.

विलीनीकरण आणि ज्येष्ठतेचे वाद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई, मध्य प्रदेश, हैदराबाद, सौराष्ट्र आणि कच्छ येथील अभियंते एका द्विभाषिक राज्याचे सेवक झाले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ अन्वये केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांना प्रतिकूल होतील अशा बदलता येणार नव्हत्या. हे संरक्षण योग्यच होते. पण त्यामुळे एकाच उपविभागात निरनिराळ्या श्रेणींतून आलेले अधिकारी शेजारी बसले आणि कोणाचे कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ व मराठवाड्याला नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचे मान्य केले होते. ज्येष्ठतेची यादी हीच त्या आश्वासनाची पहिली कसोटी ठरली.

याच खात्यातून उद्भवलेला दुसरा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एस. बी. पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७७) या खटल्यात थेट भरती झालेले आणि बढतीने आलेले अभियंते समोरासमोर होते. थेट भरतीवाल्यांची ज्येष्ठता नेमणुकीपासून आणि बढतीवाल्यांची मात्र कायम झाल्यापासून मोजली जाई. वर्षानुवर्षे उपअभियंत्याचे काम करूनही केवळ कायम केले नाही म्हणून माणूस मागे राही. न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. ओव्हरसियरपासून चढत आलेल्या क्षेत्रीय अभियंत्यासाठी हा निर्णय फार मोलाचा होता. एकोणिसाव्या शतकातील दोन मजले आणि त्यांमधला अरुंद जिना १९७७ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून होता, हेही त्यावरून दिसते.

उलटलेला क्रम

स्वातंत्र्योत्तर काळात भरतीच्या जागेवरून पडणारे अंतर नाहीसे झाले. राज्याच्या एकाच सेवेतील अभियंत्याचे मूळ वेतन मुंबईत आणि मेळघाटात सारखेच असते. प्रादेशिक तफावत आता भत्त्यांतून येते, आणि तिची दिशा जुन्या दिशेच्या जवळजवळ उलट आहे. पूर्वी रोगट, दुर्गम जागेचे वेतन वाढे. आता मोठ्या शहराचे वाढते. सहाव्या वेतन आयोगाने शहरांचे एक्स, वाय व झेड असे वर्ग करून घरभाडे भत्त्याचे दर ३०, २० व १० टक्के ठेवले. सातव्या आयोगानंतर ते २४, १६ व ८ टक्के झाले आणि महागाई भत्ता २५ व ५० टक्क्यांच्या पुढे जाताच टप्प्याटप्प्याने पुन्हा ३०, २० व १० टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद झाली. मुंबई प्रथमपासून वरच्या वर्गात आहे. पुणे २०१५ च्या आदेशाने तेथे गेले. नागपूर, नाशिक ही शहरे मधल्या वर्गात, तर तालुक्याची बहुतेक गावे शेवटच्या वर्गात येतात.

राज्याच्या सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ अभियंत्यास ३८,६०० ते १,२२,८०० रुपयांची एस-१४ ही श्रेणी मिळाली. सुरुवातीच्या मूळ वेतनावर २४ टक्के घरभाडे ९,२६४ रुपये होते आणि ८ टक्के ३,०८८ रुपये. फरक दरमहा ६,१७६ रुपये. ३० व १० टक्के दराने तोच फरक ७,७२० रुपये होतो. मुंबईतील भाडे पाहता हा भत्ता तेथे पुरेसा आहे असे कोणीही म्हणणार नाही, आणि तो कमी करावा असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. कालव्याच्या कामावर तालुक्यात राहणारा अभियंता मुलांच्या शिक्षणासाठी बहुधा कुटुंब शहरात ठेवतो. त्याला दोन चुली चालवाव्या लागतात, आणि भत्ता मात्र ज्या गावात त्याची नेमणूक आहे त्या गावाच्या दराने मिळतो. दुसऱ्या चुलीचा खर्च कोणत्याच वर्गवारीत बसत नाही.

जुन्या ‘अनारोग्य’ तत्त्वाचा वारसा शोधायचा झाल्यास तो २००२ च्या शासन निर्णयात सापडतो. आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या क्षेत्रात असेपर्यंत पदोन्नतीच्या पदाचे वेतन देण्याची, म्हणजे ‘एकस्तर’ लाभाची, तरतूद त्याने केली. लाभ किती हे पदोन्नतीचे पद किती वरच्या श्रेणीत आहे यावर ठरते, आणि बदली होताच तो थांबतो. पैशाने माणूस दुर्गम भागात जातोच असे नाही, याची जाणीव शासनालाही झालेली दिसते. २०१० मध्ये गट अ व ब च्या पदांसाठी महसुली विभाग वाटपाचे नियम करून विदर्भ व मराठवाड्यातील रिक्त जागा आधी भरण्याची व्यवस्था केली गेली. त्याआधी २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने तीन वर्षांचा पदावधी ठरवून दिला होता.

१९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला, तेव्हा तो रस्त्यांची लांबी आणि सिंचनाचे क्षेत्र अशा निर्देशांकांवर मोजला होता. निधी मिळूनही ज्या तालुक्यात मोजमाप घेणारा शाखा अभियंताच नाही, तेथे तो निधी वेळेवर खर्च होत नाही. एकाच अभियंत्याकडे दोन-दोन शाखांचा अतिरिक्त कार्यभार असतो. घोड्याऐवजी स्वतःची मोटारसायकल घेऊन तो आठवड्यातून दोन दिवस एका शाखेत आणि उरलेले दिवस दुसऱ्या शाखेत जातो. खाजगी कंत्राटदाराकडील साईट इंजिनिअर तेवढ्यात कामावर रोज हजर असतो. त्याचा पगार कोणत्याही नियमपुस्तिकेत नोंदलेला नसल्याने, काम करून घेणारा आणि काम तपासणारा या दोघांच्या वेतनाची तुलना करण्याचे साधन अभ्यासकाच्या हाती राहत नाही.